पोराची गाडी, बापाचं लायसन : पन्नाशीनंतर पुन्हा दुचाकी काढताना

जळगाव/धुळे : मुलगा पुण्याला कंपनीत लागतो, तिकडेच नवी गाडी घेतो आणि कॉलेजात असताना घेतलेली जुनी गाडी घरच्या ओसरीत गोणपाटाखाली राहते. घरात आबा आणि माय दोघंच. शेत गावापासून अडीच-तीन किलोमीटर, एसटी सकाळी एक आणि संध्याकाळी एक, बीपीच्या गोळ्या संपल्या तरी तालुक्याला जावं लागतं. रोज कुणाला 'मला सोड रे' म्हणायचं, याचाही कंटाळा येतो. मग एक दिवस आबा गोणपाट काढतात, सीट पुसतात आणि 'आपण राजदूत चालवलेली आहे, ही काय अवघड' म्हणत किल्ली लावतात. पारावरून कुणीतरी विचारतंच, 'आबा, आते कसाले गाडी?' आबा हसतात आणि निघतात.

खान्देशातल्या गावागावांत हे आता नेहमीचं झालं आहे. तिशीत रोज गाडी चालवलेली माणसं मधली दहा-पंधरा वर्षं ट्रॅक्टरवर, काळीपिवळीत किंवा मुलाच्या मागं बसून काढतात आणि पन्नाशी-साठीत पुन्हा हँडल धरतात. त्यात चूक काही नाही. उलट गाडी हातात असली की शेत, बँक, दवाखाना, सोयऱ्यांचं लग्न, सगळं स्वतःच्या सोयीनं होतं. अडचण वेगळीच आहे. गाडी चालवणं माणूस विसरत नाही. तोल, क्लच, गियर हे दोन दिवसांत परत जमतं आणि त्यामुळंच घात होतो. दोन दिवसांत जमल्यावर माणूस स्वतःला पंधरा वर्षांपूर्वीचाच समजतो. या काळात डोळे बदललेले असतात, पाय बदललेले असतात, गाडी बदललेली असते आणि रस्ता तर ओळखू येत नाही इतका बदललेला असतो.

हे फक्त आपल्याकडं घडतं असं नाही. जपानमध्ये अशा चालकांना 'रिटर्न रायडर' असं नावच पडलं आहे आणि तिथले पोलीस त्यांच्यासाठी वेगळ्या सूचना देतात. ब्रिटनमध्ये नव्वदच्या दशकात 'बॉर्न अगेन बायकर' हा शब्द वर्तमानपत्रांत रुळला. अमेरिकेत १९७० च्या दशकात मोटारसायकल अपघातात मरणाऱ्यांत पन्नाशीपुढचे अगदी थोडे असत, आता ते जवळपास एक तृतीयांश असतात. तिकडं हौस म्हणून मोठी गाडी घेतात, इकडं गरज म्हणून पोराची गाडी काढतात, एवढाच फरक. शरीराचं गणित दोन्हीकडं सारखंच आहे.

घाबरल्यावर पाय जुन्या जागी जातो

नव्वदच्या दशकात आपल्याकडं कुणी राजदूत चालवायचं, कुणी येझदी, कुणी एम-८०, कुणी सीडी १००, आणि पाटलाच्या वाड्यात एखादी बुलेट. या प्रत्येकीची रीत वेगळी होती. जुन्या बुलेटचा गियर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला होता. एम-८० आणि चेतकचा गियर हातात होता. हिरो होंडाच्या सीडी १०० आणि स्प्लेंडरला सगळे गियर पुढं दाबत जायचे. मुलाची दीडशे सीसीची गाडी मात्र बहुधा 'एक खाली, बाकी वर' अशी असते. पहिला गियर दाबून पडतो आणि पुढचे गियर पायाच्या पंजानं वर उचलून टाकायचे असतात.

सावकाश चालवताना हे लक्षात राहतं. पण समोर म्हैस आडवी आली, एखादं पोरगं सायकल घेऊन अचानक घुसलं, की डोकं विचार करत नाही, पाय जुन्या सवयीनं हलतो. जुना बुलेटवाला ब्रेक समजून डावा पाय दाबतो, तिथं ब्रेक नसतो, गियर असतो. स्प्लेंडरची सवय असलेला गियर वाढवायला म्हणून पुढं दाबतो आणि तिसऱ्यावर चाललेली गाडी दुसऱ्यावर येते. मागचं चाक झटका खातं, आणि रस्त्यावर माती असेल तर सरळ घसरतं.

ब्रेकचीही तीच कथा. 'पुढचा ब्रेक दाबला की माणूस हँडलवरून जातो' हे ऐकत एक अख्खी पिढी गाडी शिकली आणि आयुष्यभर मागच्या ब्रेकवरच चालली. ड्रम ब्रेकच्या हलक्या गाडीवर, गावच्या धुळीत, ते खपून गेलं. पण ब्रेक लागला की गाडीचं वजन पुढच्या चाकावर येतं आणि मागचं चाक हलकं होतं. कोरड्या डांबरी रस्त्यावर थांबवण्याची साधारण ७० टक्के ताकद पुढच्या ब्रेकमध्ये असते. नुसता मागचा ब्रेक दाबला तर चाक लॉक होऊन गाडी आडवी होते आणि थांबायला लांब जाते ते वेगळंच. डिस्क ब्रेक मात्र मूठभर आवळायचा नसतो. दोन बोटांनी आधी हलका आणि मग वाढवत दाबायचा असतो. वळणावर, मातीत किंवा ओल्या रस्त्यावर हँडल तिरपं असताना पुढचा ब्रेक जोरात दाबला तर मात्र जुन्या माणसांचं म्हणणं खरं ठरतं.

एप्रिल २०१९ पासून विकल्या गेलेल्या १२५ सीसीपेक्षा मोठ्या गाड्यांना एबीएस आहे, म्हणजे चाक लॉक होऊ न देणारी सोय. बऱ्याच गाड्यांत ती फक्त पुढच्या चाकाला असते. १२५ सीसी आणि त्याखालच्या गाड्यांना सीबीएस असतं, त्यात पायाचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. मुलाची गाडी त्याआधीची असेल तर यातलं काहीच नाही, सगळं आपल्या हातावर. गाडी काढण्याआधी हे पाहून घ्यावं.

वजनाचाही प्रश्न आहे. दीडशे सीसीची गाडी जुन्या शंभर सीसीपेक्षा वीस-तीस किलोनं जड भरते. वयस्क चालक पुष्कळदा पळताना पडत नाही, उभ्या गाडीवरून पडतो. उतारावर थांबला, पाय खाली टेकवला, तिथं खड्डा निघाला आणि गुडघ्यानं दगा दिला. गाडी पायावर. या वयात मोडलेलं हाड जुळायला महिने जातात आणि तेवढ्यात एक हंगाम गेलेला असतो.

स्कूटीवाल्या ताई

नव्वदच्या दशकात लुना किंवा सनीवरून कॉलेज केलेल्या बायका आज पन्नाशीला आल्या आहेत. संसारात गाडी सुटली. आता मुलं मार्गी लागल्यावर अंगणवाडी, शाळा, बचत गटाची बँक यासाठी त्या बिनगियरची स्कूटर घेतात. त्यांना गियरची भानगड नाही, पण त्यांच्या नवऱ्यांना मोठी आहे. मोटारसायकलवर डाव्या हाताला क्लच असतो, स्कूटरवर तिथंच ब्रेक. बायकोची स्कूटर काढलेला माणूस गडबडीत क्लच समजून डावा दांडा पूर्ण आवळतो आणि गाडी जागेवर गचका खाते. विजेवरच्या स्कूटरला तर आवाजही नाही. ती चालू आहे की बंद हे कळत नाही आणि मूठ थोडी पिळली तरी ती एकदम सुटते. मागं बसणाऱ्या बाईचा पदर खोचलेला आणि साडीगार्ड जागेवर, हे पाहिल्याशिवाय निघूच नये.

डोळा कमी पितो उजेड

साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या पोराच्या तुलनेत साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. बाहुली लहान होते, भिंग पिवळसर होतं. त्यात मोतीबिंदू सुरू झालेला असेल तर दिवसा बरं दिसतं, पण रात्री समोरच्या गाडीचा पांढरा एलईडी डोळ्यात घुसला की चार-पाच सेकंद काहीच दिसत नाही. ताशी ५० च्या वेगानं गाडी एका सेकंदात १४ मीटर जाते. चार सेकंद म्हणजे ५६ मीटर. तेवढं अंतर माणूस डोळे मिटल्यासारखा चालवतो आणि याच अंतरात मागचा लाल दिवा नसलेली ट्रॉली उभी असू शकते.

काचबिंदूत वेगळं होतं. समोरचं दिसतं, बाजूचं कमी होत जातं आणि माणसाला ते कळतही नाही. बांधावरून येणारं रानडुक्कर किंवा गल्लीतून निघणारं पोर नेमकं बाजूनंच येतं. म्हणून गाडी काढायच्या आधी डोळे तपासून घेणं हे पहिलं काम. जळगाव आणि धुळ्याच्या शासकीय रुग्णालयांत नेत्रविभाग आहे आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सरकारी कार्यक्रमात मोफत होते.

शुगर असलेल्यांनी पायाकडं लक्ष द्यावं. जुन्या शुगरमध्ये तळपाय बधिर होतात. चप्पल निसटली तरी कळत नाही, मग ब्रेकवर पाय किती दाबला हे कसं कळणार? अशा माणसानं चप्पल घालून गाडी चालवूच नये, बूट घालावा. आणखी एक गोष्ट आपल्याकडं फार घडते. एकादशीचा उपवास असतो, गोळी मात्र रोजची घेतलेली असते आणि दुपारी आबा बाजाराला निघतात. साखर उतरली की घाम फुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढं अंधारी येते. गाडीवर हे झालं तर सावरायला वेळ मिळत नाही. खिशात दोन गोळ्या-बिस्किटं ठेवावीत आणि उपवासाला गोळीचं काय करायचं हे डॉक्टरांना विचारून ठेवावं. सर्दीच्या गोळीनंही पेंग येते. मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो, तेव्हा दुपारी १२ ते ४ गाडी सावलीलाच बरी.

आता रात्रीच्या लाईटबद्दल. शेतीपंपाला रात्रपाळीची वीज आली की बारा-एकला मोटार चालू करायला जावंच लागतं. दिवसा वीज द्या ही शेतकऱ्यांची मागणी जुनी आहे. तिचा विचार करताना साप-विंचवाबरोबर या रात्रीच्या फेऱ्याही धरायला पाहिजेत. तोवर एकट्यानं जाऊ नये, शिवाररस्त्यानं ताशी २०-२५ च्या वर जाऊ नये आणि गाडीच्या पुढच्या दिव्याची काच पुसूनच निघावं. काचेवरचा धुळीचा थर बराच उजेड खातो.

रस्ता पंधरा वर्षांपूर्वीचा नाही

सुरत-धुळे-जळगाव-नागपूर हा जुना सहा नंबरचा हायवे, आता तो ५३ झाला. फागणे ते तरसोद टप्पा वर्षानुवर्षं रखडला, तेव्हा सगळ्यांनी खड्ड्यांना शिव्या दिल्या. खड्ड्यांमुळं निदान सगळी वाहनं हळू होती. आता चौपदरी झाल्यावर मोटार ताशी १०० नं येते, म्हणजे सेकंदाला जवळपास २८ मीटर. दुभाजकाच्या कटवर थांबलेल्या दुचाकीला एक बाजू ओलांडायला पाच सेकंद लागले, तर तेवढ्यात ती मोटार १४० मीटर आलेली असते. जुना अंदाज सांगतो 'अजून लांब आहे', आणि हा अंदाज एसटी आणि ट्रकच्या जमान्यातला असतो. धुळे-शिरपूर बाजूला मुंबई-आग्रा महामार्गावरही हेच. पुलाखालचा बोगदा अर्धा किलोमीटर पुढं असेल तर तिथूनच जावं. सर्व्हिस रोडनं उलट्या बाजूनं जायची सवय गावोगाव लागली आहे. समोरून येणारा आपल्याला पाहील असं धरून चालणाऱ्यांनी ती आधी सोडावी.

गावरस्त्यांचे धोके जुनेच आहेत, फक्त विसरायला झालेले असतात. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या टायरांनी काळी माती डांबरावर येते, तिच्यावर दोन थेंब पडले की साबण होतो. दिवाळीच्या आसपास मका रस्त्यावर वाळत घालतात. त्या दाण्यांवर चाक म्हणजे छऱ्यांवर चाक. तिथं ब्रेक न मारता, हँडल सरळ ठेवून, गियर कमी करून निघायचं. साईडपट्टी खचलेली असेल आणि ट्रकला जागा देताना गाडी खाली उतरली, तर चिकटून तिरपं वर चढू नये, पुढचं चाक कडेला घासून गाडी पलटते. वेग अगदी कमी करावा, जागा पाहावी आणि आडव्या कोनात वर यावं.

आधी चार सकाळी मैदानात

गाडी वर्षभर उभी असेल तर पहिला मान मेकॅनिकचा. पेट्रोल सुकून कार्बोरेटरमध्ये चिकट झालेलं असतं, ब्रेकचे लायनर कडक झालेले असतात, क्लचची केबल गंजलेली असते. टायरची नक्षी चांगली दिसली म्हणून फसू नये. टायरवर चार आकडे असतात, उदाहरणार्थ १४१७, म्हणजे २०१७ च्या चौदाव्या आठवड्यात बनलेला. इतका जुना रबर दगडासारखा होतो, धरत नाही. ओसरीत उभ्या गाडीचाही.

मग चार सकाळी जागा रिकामी पाहून सराव करावा. बंदच्या दिवशी बाजार समितीचं आवार, उन्हाळ्यात जिनिंगचं पटांगण किंवा शाळेचं मैदान, आधी विचारून. पहिल्या दिवशी नुसतं माणसाच्या चालीनं चालवायचं, पाय न टेकवता, आणि आठचा आकडा काढायचा. वेगात तोल कुणालाही जमतो, हळू चालवण्यात कस लागतो. दुसऱ्या दिवशी फक्त ब्रेक. ताशी २० वरून, मग ३० वरून, मग ४० वरून, दोन्ही ब्रेक एकत्र, ठरलेल्या दगडापाशी थांबायचं. ४० पेक्षा ६० वर ब्रेकचं अंतर सव्वादोन पट होतं, हे तिथं डोळ्यांनी दिसतं. गियरही मुद्दाम पुन्हा पुन्हा टाकून पाहायचे, पायाला नवी रीत लागेपर्यंत. नंतर गावरस्ता, नंतर तालुक्याचा रस्ता आणि हायवे सगळ्यात शेवटी. पहिला महिना मागं कुणाला बसवू नये, चाऱ्याचा भारा आणि दुधाचे कॅनही नकोत.

हेल्मेटबद्दल गावात वाद फार. उकडतं, ऐकू येत नाही, शेतात जायला कशाला. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली ५०,०२९ हेल्मेट न घातलेली होती आणि त्यांत १४,३३७ जण मागं बसलेले होते. हेल्मेटवर झालेले अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा मरणाचा धोका ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा ६९ टक्क्यांनी कमी होतो असं निघालं. आयएसआय शिक्का आणि आयएस ४१५१ हा क्रमांक पाहून घ्यावं, हनुवटीचा पट्टा लावावा. मुलाचं कपाटावरचं जुनं हेल्मेट डोक्याला ढिलं होत असेल तर ते उपयोगाचं नाही.

लायसन संपलेलं असेल तर

हा भाग बहुतेक जण शेवटी पाहतात. १९९५ ला पंचविशीत काढलेलं लायसन २० वर्षांचं होतं, ते २०१५ लाच संपलं. कपाटात पुस्तक आहे म्हणून लायसन आहे असं होत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर नियम असा : तीस ते पन्नास वयात काढलेलं किंवा नूतनीकरण केलेलं लायसन १० वर्षं चालतं, पन्नास ते पंचावन्नमध्ये ते साठीपर्यंत, आणि पंचावन्ननंतर दर वेळी ५ वर्षं. चाळिशीपुढं डॉक्टरांचं प्रमाणपत्र, म्हणजे नमुना १-अ, लागतं. मुदत संपून एक वर्षाच्या आत अर्ज केला तर नूतनीकरण होतं. वर्ष उलटलं की वाहन चालवण्याची चाचणी पुन्हा द्यावी लागते. पुस्तकी लायसनची नोंद संगणकावर नसेल तर आधी ती करून घ्यावी लागते. अर्ज 'सारथी' संकेतस्थळावरून होतो आणि तालुक्याच्या गावी ठरलेल्या तारखांना आरटीओची शिबिरंही असतात.

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत १० ते ७५ वयाच्या शेतकऱ्याचा अपघाती मृत्यू झाला तर कुटुंबाला २ लाख रुपये मिळतात. पण शेतकरी स्वतः वाहन चालवत असेल तर प्रस्तावासोबत वैध लायसन मागतात. आबांचं लायसन २०१५ ला संपलेलं असेल तर मायच्या हातातला कागद तिथंच अडतो.

गाडी मुलाच्या नावावर असते, त्यातून आणखी गुंतागुंत होते. बिनलायसनच्या माणसाला गाडी दिली तर दंड मालकालाही आहे, केंद्राच्या कायद्यात ५ हजार रुपये. समोरच्याला इजा झाली तर विमा कंपनी त्याला भरपाई देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते, म्हणजे पुण्यातल्या मुलाकडून. विमाच संपलेला असेल तर सगळं थेट अंगावर. पॉलिसीतला १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा हा 'मालक-चालका'साठी असतो, वडील चालवत असतील तर तो त्यांना लागू होत नाही. वडीलच कायम चालवणार असतील तर गाडी त्यांच्या नावावर करून घेणं सोयीचं. गाडीला १५ वर्षं झाली असतील तर नोंदणीचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर, एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर एचएसआरपी पाटी, आणि पीयूसी, एवढं त्याच फेरीत उरकून घ्यावं. मुलगा पुढच्या सणाला येईल तेव्हा आरसी बुक आणि विम्याचा कागद सोबत आणायला त्याला आजच फोनवर सांगितलेलं बरं, कारण नावबदलीला त्याची सही लागते.